परतीचा हिशेब

परगावी गेलेला माणूस कायमचा परत आला की गाव त्याचे दोनच अर्थ लावते: एक तर त्याला मातीची ओढ लागली, नाहीतर तिकडे त्याचे बस्तान बसले नाही. माण-खटावपासून खानापूर, आटपाडी, जतपर्यंतच्या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात हे दोन्ही अर्थ अपुरे पडतात. ओढ कुणाला नसते? पण ओढीवर संसार चालत नाही. परतायचे की नाही, हे हिशेब ठरवतो, आणि त्या हिशेबात तिकडच्या कमाईइतकेच इकडचे पाणी मोजावे लागते.

खानापूर-आटपाडीच्या गलाई कामगारांचेच, म्हणजे सोने गाळून शुद्ध करणाऱ्यांचेच पाहा. विट्याच्या परिसरातली ही माणसे केरळ-तामिळनाडूपासून बंगालपर्यंत, जिथे सराफ बाजार तिथे पोचली. सोनाराकडची मोड मुशीत टाकणखार घालून वितळवायची, चांदीचा मेळ घालून तेजाबात उकळायची. तांबे आणि चांदी विरघळतात, तळाशी तपकिरी चुरा उरतो; तो धुऊन पुन्हा वितळवला की शुद्ध सोने. त्या पिवळट-तांबूस धुरात उभे राहून कित्येकांनी आयुष्य काढले आणि गावाकडे घर बांधले, बहिणींची लग्ने लावली. त्यांची खरी पुंजी होती ती नजर आणि कसोटीचा दगड. आता यंत्र मिनिटभरात सोन्याचा कस सांगते. 2021च्या जूनपासून देशातल्या बहुतेक मोठ्या बाजारपेठांत हॉलमार्क सक्तीचा झाला. मोठ्या रिफायनऱ्यांपुढे छोट्या दुकानाचा नफा आकसतो, आणि शिकलेला मुलगा तेजाबाजवळ उभा राहायला तयार होत नाही.

पण तिकडची कमाई घटली म्हणून माणूस लगेच परतत नाही. गावात कुसळेच उगवत असतील तर तो दुसरे शहर शोधतो. 2020च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून घरी आलेल्यांपैकी कितीतरी जण वाट मोकळी होताच पुन्हा निघून गेले. गावाने त्यांना आसरा दिला, काम देता आले नाही.

याच्या उलट गोष्ट 1982ची आहे. 18 जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे मात्र थांबणार नव्हते. गावात निदान भाकरी स्वस्त, म्हणून हजारो जण घरी आले. खानापूर तालुक्यात आलेल्यांना दुष्काळ भेटला. मात्र ते रिकाम्या हाताने आले नव्हते. युनियनची सवय सोबत घेऊन आले होते. डॉ. भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेतात, मग तीच वाळू विकून आम्ही धरण का बांधू नये, असा प्रश्न त्यांनी सरकारला विचारला. बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधून दाखवले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाटपाचा नियम: ज्याच्याकडे जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. हरून आलेली म्हणून ज्यांची कीव केली गेली, त्यांनी समान पाणीवाटपाचा विचार प्रत्यक्षात उतरवून दाखवला. मला हे या जिल्ह्यांचे सर्वांत मोठे देणे वाटते.

पुढे आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव देशमुखांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरत राहिल्या. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेणारी योजना झाली. पाणी आले तशा डाळिंब-द्राक्षांच्या बागा वाढल्या आणि गलाईतून साठवलेला पैसा शेतात, शेततळ्यात, ठिबकमध्ये घालणे परवडू लागले. परतीला आता आकड्यांचा आधार मिळाला. अर्थात पाण्याचे आवर्तन वेळेवर सुटले तरच. एक आवर्तन चुकले तर बाग जाते, आणि बागेबरोबर परत आलेला माणूसही.

एक गोष्ट मात्र राहूनच गेली. टेंभूचे पाणी जमिनीला मिळते, माणसाला नाही. म्हणून चार एकरवाला गलाईवाला परतू शकतो. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा भूमिहीन माथाडी परतू शकत नाही. त्याचा हिशेब आजही तोट्याचाच निघतो. बळीराजा धरणावर जे दोन गावांनी केले ते राज्याला अशक्य नाही. उचलून आणलेल्या पाण्यातला ठरावीक वाटा भूमिहीन कुटुंबांच्या नावावर लावा. तो त्यांनी खंडाच्या रानात वापरावा किंवा दुसऱ्याला मोल घेऊन द्यावा. लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांनी ही मागणी आता ठराव करून पुढे रेटली पाहिजे.