स्वधर्म आणि बुडालेला धंदा

पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बुडतो तेव्हा घराचे उत्पन्न बुडते हे उघड आहे. पण त्या घराचा धर्मही त्याबरोबर बुडतो का? उतरणीला लागलेल्या उद्योगी गावातील कुटुंबांवर लिहिणाऱ्या कथाकाराला या प्रश्नाचे उत्तर, कळत वा नकळत, द्यावेच लागते. भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न तीन ठिकाणी तीन प्रकारे उभा राहतो: भंडारा शहराच्या पितळी भांड्यांत, घरोघरच्या बिडीत आणि तुमसरकडच्या मँगनीजच्या कारखानदारीत.

पितळेची गोष्ट सर्वांत जुनी. घागर, गुंड, परात, तांब्या यांच्यासाठी भंडारा विदर्भभर ओळखले जाई. आधी स्टील, अॅल्युमिनियम आणि मग प्लॅस्टिक आले, तशी मागणी आटली. कासाराच्या घराची ही हानी समजावून घ्यायला गीतेची भाषा तयार असते. दुसऱ्याचे काम चांगले जमत असले तरी आपले उणे-अधुरे कामच श्रेयस्कर, असे गीता तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायात सांगते. ज्ञानेश्वर त्याच्याही पुढे जाऊन विहित कर्म हीच ईश्वराची पूजा मानतात. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार यांनी आपापल्या धंद्यातच विठ्ठल पाहिला. या दृष्टीने ठोकणीचा आवाज थांबणे म्हणजे घरातली पूजा थांबणे. खंडेनवमीला हत्यारे मांडायची, पण वर्षभर त्यांना काम नाही, अशा घरात ती पूजा नेमकी कशाची, हा प्रश्न खरोखरच कठीण आहे.

मात्र संतांच्या त्याच परंपरेत चोखामेळा आहे. त्याच्या वाट्याला आलेले ‘विहित’ काम मेलेली गुरे ओढण्याचे होते, आणि परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तो गेला. कुळाचे काम गेल्याचा शोक करणाऱ्या लेखकाने आधी विचारायला हवे की ते कोणाच्या कुळाचे काम होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा 1936 साली अर्थशास्त्राच्या अंगाने मांडला. उद्योगाचे स्वरूप सतत बदलते, माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक लागते. जात ती देत नाही आणि म्हणून बेकारीचे ती एक थेट कारण ठरते. म्हणजे बुडत्या धंद्यात घराला बांधून ठेवणाऱ्यालाच ‘स्वधर्म’ म्हटले जाते. याच भंडारा मतदारसंघातून आंबेडकरांनी 1954 ची लोकसभा पोटनिवडणूक लढवली आणि काँग्रेसच्या उमेदवाराकडून ते हरले.

कारखान्याने प्रश्न आणखी अवघड केला. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणींच्या मँगनीजमुळे तुमसरजवळ फेरो-मँगनीजचा कारखाना उभा राहिला आणि पुढे बंद पडला. भट्टीवरचे काम कोणाच्याही जातीत आलेले नव्हते. ते पगाराचे होते, आणि अनेक घरांसाठी गावकीच्या कामातून सुटण्याचा रस्ता होते. ही सुटकाही कधी पूर्ण नसे: मुंबईच्या गिरण्यांत धाग्याला ओठ लावावा लागतो या कारणाने अस्पृश्यांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते. तरीही पितळेच्या धंद्यापेक्षा कारखान्याचा अंत नैतिकदृष्ट्या अधिक गंभीर मानावा लागेल. कासाराचा वारसा संपतो. भट्टीवरच्या माणसाची सुटका संपते, आणि परतीची वाट बहुधा जुन्याच वाड्या-वस्तीकडे जाते.

मराठीत या अंताचे सर्वांत ठसठशीत लेखन गिरणगावाचे आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात त्यानंतरचे एक कामगार कुटुंब आहे. तेथील मुलांपुढे वारसाही नाही आणि सुटकाही नाही. नाटकाचे बळ यात आहे की ते गिरणीला देवत्व देत नाही.

बिडीला असा संप, अशी तारीख नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, एरवी घरी बसून हजाराच्या हिशेबाने बिड्या वळायच्या, खराब ठरलेल्या बिड्यांची मजुरी सोडायची. हे काम प्रामुख्याने बायकांनी केले. 1966 च्या कायद्याने घरी बसून बिडी वळणारीलाही कामगार मानले. बौद्ध विचारातील सम्यक आजीविकेची कसोटी येथे लागू पडते, आणि जिल्ह्यातील पवनी हे प्राचीन स्तूपांचे ठिकाण असल्याने ती परकी नाही. उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये, असे ती सांगते. तंबाखूचे नाव त्या यादीत नाही, असू शकतही नव्हते; पण नियमामागचे कारण तिलाही लागू होते. फक्त ही कसोटी व्यापाऱ्याला लावायची की हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईला? व्यापार तिचा नव्हताच. तिने धंदा निवडला नाही, तो कुळातून आला नाही, आणि तो हळूहळू आटला तेव्हा कोणत्याही फाटकाला कुलूप लागले नाही. गीतेची भाषा तिला पुरत नाही, संपाच्या नाटकाची घडणही पुरत नाही. तिच्या घरावरची कादंबरी लिहायची तर वळलेल्या हजारांच्या घटत जाणाऱ्या हिशेबातूनच कथानक उभे करावे लागेल.