आवाज करणारा गीझर आणि विश्वासू कारभारी

न्हाणीघरातला गीझर आवाज करू लागला, यावर मंडळीच्या मासिकात लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ख्रिस्ती माणसाची परीक्षा नेहमी मोठ्या प्रसंगीच होते असे नाही. पुष्कळदा ती घरखर्चाच्या वहीत होते. जुनी वस्तू दुरुस्त करावी की टाकून नवी आणावी, हा प्रश्न प्रत्येक घरात आणि प्रत्येक पंचकमिटीत वारंवार येतो. त्याचे उत्तर आपण विचाराने न देता स्वभावाने देतो. ज्याचा हात सैल तो म्हणतो, "काढून टाका." ज्याचा हात आखडता तो म्हणतो, "अजून चालतो आहे ना?" पहिला आपल्या स्वभावाला उदारपणा म्हणतो, दुसरा काटकसर म्हणतो. दोघांनीही वस्तूकडे नीट पाहिलेले नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मंडळीच्या पाळकनिवासात पंधरा लिटरचा गीझर आहे. बटण दाबले की थोड्या वेळाने आतून खदखद आणि कडकड ऐकू येते. पाळकबाईंनी ही गोष्ट दोनदा कळवली. मग कमिटीत चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, नवा घ्या, विजेची बचत होईल. खजिनदार म्हणाले, हे वर्ष काढा, पुढच्या वर्षी पाहू. तिसऱ्यांनी तोड काढली की नवा पाळकनिवासात बसवावा आणि जुना वसतिगृहाच्या मुलांना द्यावा. तिघांचाही हेतू चांगला होता; पण तो आवाज कशाचा, हे कोणीच विचारले नाही.

विश्वासू कारभाऱ्याचे पहिले कर्तव्य हे विचारण्याचे आहे. बोअरवेलचे पाणी बहुधा क्षाराचे, ज्याला आपण जड पाणी म्हणतो तसे असते. असे पाणी तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार वेगळे होऊन एलिमेंटवर पांढरा थर धरतात. चहाच्या किटलीच्या तळाशी बसतो तोच हा थर. त्याच्या खाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, आणि तोच कडकडाट आपल्याला ऐकू येतो. थरामुळे एलिमेंटची उष्णता पाण्याला नीट पोहोचत नाही. तो स्वतः अधिक तापतो आणि लवकर जळतो. अशा वेळी कारागिराने वीज बंद करून एलिमेंट बाहेर काढावा, थर साफ करावा, जळला असल्यास नवा घालावा आणि टाकीला गंजापासून राखणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलावी. एवढ्याने पुष्कळदा आवाज जातो. आपल्या आजीच्या काळी तांब्याच्या बंबाला गळती लागली तर डाग देऊन घेत, आणि पितळी भांड्यांना कल्हई करून घेत. भांडे जुने झाले एवढ्यावरून ते कोणी टाकत नसे.

परंतु कल्हई केवळ बचतीसाठी नव्हती, हेही विसरू नये. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्याला बाधतो. म्हणजे वस्तू राखण्याच्या आधी माणूस राखण्याचा विचार होता. नियमशास्त्रातही हेच आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की त्याने धाब्याला कठडा करावा. तेथून कोणी पडले तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. गीझरचेही तसेच आहे. नळाला हात लावताच झिणझिण्या येतात, स्विचपाशी जळका वास येतो, एमसीबी वारंवार पडतो, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा अर्थिंग नाही, अशी खूण दिसली तर "अजून चालतो आहे" हा शब्द तोंडातून काढू नये. त्या क्षणी वीज बंद करावी आणि जाणता इलेक्ट्रिशियन येऊन पाहीपर्यंत चुलीवर पाणी तापवावे. टाकीच गंजून गळू लागली असेल तर गीझर बदलणे हेच शहाणपण. आपल्या प्रभूनेही सांगितले आहे की जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावत नाही. तेथे विषय निराळा होता, परंतु कोणते वस्त्र ठिगळ धरते आणि कोणते फाटते हे त्याला ठाऊक होते.

आता बचतीची गोष्ट पाहू, कारण नवे घेण्यासाठी हीच सबब बहुधा पुढे येते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. २,००० वॉटच्या एलिमेंटला त्यासाठी अठरा-एकोणीस मिनिटे पुरतात. गीझर जुना असो की नवा, तेवढे पाणी तेवढे तापवण्यास तेवढी उष्णता लागणारच. गीझरवरचे तारे मुख्यतः हे सांगतात की तापलेले पाणी तसेच ठेवले तर किती उष्णता वाया जाते. ज्या घरात गीझर दिवसभर चालू राहतो तेथे याला महत्त्व आहे. ज्या घरात आंघोळीपुरता लावून बंद करतात तेथे बचत थोडी. म्हणून तारे पाहून नवा घेण्याआधी बटण बंद करण्याची सवय लावावी. तिला पैसे पडत नाहीत.

येथे दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचावा. योआश राजाच्या कारकिर्दीची तेवीस वर्षे झाली तरी याजकांनी मंदिराची मोडतोड दुरुस्त केली नव्हती. पैसे येत होते, पण काम होत नव्हते. मग यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि जमलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हाती गेला. त्या पैशातून चांदीचे कटोरे किंवा कर्णे केले नाहीत, असे तेथे मुद्दाम नमूद आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात म्हटले आहे की डागडुजी पुरी झाल्यावर जे उरले त्याची पात्रे केली. क्रम ध्यानात घ्यावा: आधी डागडुजी, मग शोभा. आणखी एक गोष्ट अशी की, कारागीर सचोटीने वागत म्हणून त्यांच्याकडे हिशेब मागितला नाही. कारागिराचा असा मान आज आपल्याकडे किती राहिला आहे? नव्या वस्तूला हजारो रुपये आपण न बोलता देतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. मग कारागीर मिळत नाहीत अशी तक्रार करतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, ते याच हेतूने की उत्पादकांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी. तो हक्क चांगला, पण दुरुस्ती करणाऱ्याला आपण योग्य दाम दिला नाही तर तो कागदावरच राहील.

कोणी म्हणेल, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळपास गेला तर काय? तर बुरूज बांधणाऱ्याप्रमाणे आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, आणि नवा घेणे योग्य दिसले तर निर्मळ मनाने घ्यावा. नवी वस्तू घेणे हे पाप नव्हे, आणि जुनी वापरणे हे पुण्य नव्हे. वस्तू आपल्याकडे सोपवलेल्या आहेत, पण त्या माणसांसाठी सोपवल्या आहेत. म्हणून खरा प्रश्न गीझरच्या वयाचा नाही. त्याच्या खाली कोण उभे राहते, हा आहे.

आणि येथेच आमच्या उदाहरणातील कमिटी चुकते. "हे वर्ष काढा" असे जे म्हणतात ते त्या पाण्याने आंघोळ करत नाहीत. थंडीत पाळकसाहेबांच्या लहान मुलांनी काय करावे? उघड्या बंधूला काही न देता "ऊब घ्या" असे म्हणणाऱ्याविषयी याकोबाने जे लिहिले आहे, ते अशा ठरावांनाही लागू पडते. आणि जुना गीझर वसतिगृहाला देणे तर त्याहून वाईट. जो पाळकाच्या मुलांसाठी धोक्याचा म्हणून काढला, तो अनाथ मुलांसाठी चालेल, हा कोणता न्याय? फुकट मिळालेले देवाला वाहणार नाही, असे दावीद अरौनाच्या खळ्यावर म्हणाला. आपल्याला नको झालेले देऊन दानशूर म्हणवून घेणे हे त्याच्या उलट आहे. द्यायचाच तर आधी दुरुस्त करून, तपासून, मगच द्यावा. तसे होत नसेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवावा. घरच्या कामवाल्या बाईला जुना पंखा किंवा इस्त्री देतानाही हाच नियम पाळावा.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना यातून एक पाठ घेता येईल. मुलांना घरातील एक मोडकी वस्तू घेऊन यायला सांगावे; विजेची नको, छत्री, दप्तर किंवा खेळणे असावे. मग तीन प्रश्न विचारावेत: हिचे नेमके काय बिघडले आहे? अशीच वापरली तर कोणाला इजा होईल काय? आपण टाकली तर ती कोणाच्या वाट्याला जाईल? जी नीट होण्यासारखी असेल ती तेथेच बसून नीट करावी. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभूने याकोब व योहान यांना हाक मारली तेव्हा ते तारवात जाळी नीट करत होते, हेही त्यांना सांगावे. मुले सुई-दोरा हाती घेतील तेव्हा त्यांना तो पाठ अधिक समजेल.

आणि पंचकमिट्यांनी पुढच्या सभेपूर्वी एक करावे. पाळकनिवासात जाऊन, बटण दाबून, तो आवाज स्वतः ऐकावा.