मापात पाप

आमचा पिकअप डिझेल घ्यायला लई वेळ खायचा. दुसऱ्या गाड्या पाच मिनिटांत भरून जालन्याच्या दिशेनं निघून जायच्या आणि आमच्या गाडीला नळी लावली की टक् आवाज होऊन खटका सुटायचा. पुन्हा दाबा, पुन्हा टक्. दोन-दोन, तीन-तीन लिटरनं टाकी भरायची. मागं रांग लागायची, हॉर्न वाजायचे.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. शेंद्र्यात एमआयडीसी आली, मग ऑरिक आलं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून 10 हजार एकरांचं शहर होणार म्हणून सांगतात. त्या धांदलीत आमचंही रान थोडं गेलं आणि आलेल्या पैशात दादानं हा पिकअप घेतला. पहाटे भाजीपाला किंवा मोसंबी भरायची, जाधववाडीच्या मार्केटला टाकायची, येताना भाडं मिळालं तर बघायचं. डिझेल जालना रोडवरच्या एकाच पंपावर. तिथं दादाची उधारी चालायची, म्हणून दुसरीकडं जायचं कारणच नव्हतं. हे पुढं महत्त्वाचं ठरलं.

त्या पंपावर एक पोरगा होता. विशी-बाविशीचा, कुठल्या तरी कोरडवाहू गावातून आलेला. आमची गाडी आली की तोच धावायचा, कारण बाकीचे आमच्या टाकीला वैतागले होते. तो नळी कधी तिरपी धरायचा, कधी थोडी बाहेर ओढायचा, खटका हलक्या बोटानं दाबायचा. दोन-तीनदा तो म्हणाला, "काका, तुमच्या टाकीत हवा अडतीय. मिस्तरीला दाखवा एकदा."

दादाला ते बोलणं चोराच्या उलट्या बोंबा वाटलं. थांबून थांबून भरलं की मीटर पुढं पळतो आणि डिझेल कमी पडतं, असं त्यानं मार्केटात ऐकलेलं. एक दिवस त्यानं तिथंच आवाज चढवला. "मापात पाप करतो का रे?" मालक बाहेर आले. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईक कधीही ते मागू शकतं. ते माप आणलं. पाच लिटरला पंचवीस मिलीचा फरक चालतो. डिझेल बरोबर रेघेवर आलं. दादा म्हणाला, "आज बरोबर दिलं आसंल. रोजचं काय?"

मी बाजूलाच उभा होतो. दादाच्या या वाक्याला उत्तर नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. एखाद्याला चोर ठरवलं की त्याचा खरेपणासुद्धा चोरीचाच पुरावा होतो. पण थोरल्या भावाला चारचौघांत खोडून काढायचं कसं, म्हणून मी गप्प बसलो. आठवड्यानं पोरगा पंपावर दिसला नाही. मालकानं त्याला चोर म्हणून काढलं नव्हतं, रोजची कटकट नको म्हणून काढलं होतं. चोर म्हणून काढलं असतं तर त्याला निदान भांडता तरी आलं असतं.

नवीन पोरगा आला. टाकी तशीच. टक्, टक्. मग एकदा करमाडकडं भाडं लागलं आणि तिथल्या पंपावर डिझेल टाकायची वेळ आली. तिथंही टक्. परत येताना दादा गाडीत एक शब्द बोलला नाही.

मिस्तरीनं झाकण उघडलं तशी टाकीनं फुस्सकन हवा आत ओढली. "हे कधीपासून?" त्यानं विचारलं. दादा अभिमानानं म्हणाला, "पहिल्यापासून. टाकी घट्ट हाय आपली." मिस्तरी हसला. गाडीखाली गेला आणि टाकीची हवा जायची बारीक नळी काढून तिच्यात फुंकर मारली. फुंकर कशीबशी गेली. तार घातली तर वाळलेली माती भुरभुर पडली आणि मातीबरोबर दोन-तीन सुकलेल्या अळ्या. कुंभारीण माशीचं घर! पावसाळ्यात गाडी दोन महिने दारात उभी होती. तेवढ्यात त्या बाईनं चिखल आणून, पिल्लांसाठी अळ्यांची बेगमी करून, आमच्या नळीत संसार मांडला होता.

आत डिझेल जायचं तर तेवढीच हवा बाहेर यायला पाहिजे. तिला वाट नसली की डिझेल तोंडाशी फेसाळून वर येतं. नळीच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं, डिझेल तिथवर पोचलं की खटका आपोआप सुटतो. टाकी भरली असं समजून नळी प्रामाणिकपणे बंद होते. यात नवीन काही नाही. रेशनचं रॉकेल बाटलीत घेताना आई नरसाळ्याखाली काडी घालायची ती याचसाठी. आणि मी? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ग्लासात कागद कोंबून तो पाण्यात पालथा बुडवायचा, कागद कोरडा राहतो, हवा जागा व्यापते, हे कितीदा तरी पोरांना दाखवलंय. गाडीपाशी मात्र ते आठवलं नाही.

ही माशी अशी साधीसुधी नाही. 1996 च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं एक विमान समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. वेग मोजायची नळी अशाच मातीच्या घरट्यानं बुजली असावी, असा तपासात संशय होता. आमच्याकडं एका पोराची नोकरी गेली. तुलना करायची नाही मला. पण त्या रात्री दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी येत राहिल्या.

दादाचं म्हणणं, "म्या जे दिसलं ते सांगितलं. काढलं मालकानं." मी यावर बराच विचार केला. दिसलं काय होतं? खटका सुटताना दिसला होता. पाप दिसलं नव्हतं, ते आम्ही वरून घातलं. आणि माप आणून दाखवल्यावर तर दिसलेलं उलटंच होतं. दादाची चूक रागाची होती. माझी जास्त थंड. मला शंका होती आणि तरी मी ती खिशात ठेवली, कारण पोरगा आमचा कुणी नव्हता.

चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेत तो दिसला. आता कंपनीत ठेकेदाराकडं लागलेला, बारा तासांची पाळी. दादानंच त्याला गाठलं आणि नळी, माती, माशी, सगळं सांगितलं. वर म्हणाला, "चुकलं बाबा आमचं." माझ्या भावाच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं.

पोरगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे मालकाला सांगितलं का काका?"

नव्हतं सांगितलं. आम्ही पंपच बदलला होता. उधारी चुकती करून, मान खाली न घालता.

दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. मालक हिशेबाच्या वहीत होते. दादा उभ्या उभ्या बोलला, मी अधूनमधून भर घातली. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं." मग खिडकीतून बाहेरच्या पोराला हाक मारली, "ए, यांना किती टाकायचं ते बघ रे."