उत्तरादाखल काय म्हणायचं?

दरेकसा स्टेशनवर उतरलं की कचारगडची वाट धरता येते. सालेकसा तालुक्यातली ही गुहा म्हणजे गोंड समाजाचं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या सुमारास शेजारच्या राज्यांतूनही लोक येतात. मी नुसता बघायला गेलो होतो. चढावर एका आजोबांनी मला वाट देत "जय सेवा" म्हटलं. मी म्हणालो, "नमस्कार."

ते हसले, पुढे गेले. काही बिघडलं नाही. पण तो "नमस्कार" मला अजून खुपतो.

"जय सेवा"त न म्हणण्यासारखं काय आहे? सेवा हा शब्द तर आपल्याही तोंडात रोजचा. तरी जीभ अडली, कारण मला त्या शब्दाचा अर्थ नाही, त्याची बाजू ऐकू आली. हे म्हटलं तर आपण 'त्यांच्यातले' ठरू, असं काहीतरी.

आयरिश भाषेत एक वाक्य आहे, उच्चार साधारण 'चुकी आर ला'. अर्थ एवढाच, की आपलाही दिवस येईल. कुठलीही आजी नातवाला म्हणेल असं. पण उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षात ते ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांचं झालं. आता ते ऐकून एकाचा ऊर भरून येतो, दुसऱ्याला बॉम्बस्फोट आठवतात. शब्दकोश उघडून हा वाद मिटायचा नाही.

आपल्याकडचा "जोहार" बघा. गावगाड्यात महारांनी वरच्यांना वाकून जोहार घालायचा, असा रिवाज होता. आंबेडकरी समाजाने तो टाकला आणि "जय भीम" घेतलं. ते रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना देतात. गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं तेव्हा, १९५४ च्या पोटनिवडणुकीत, बाबासाहेब भंडाऱ्यातून हरले. "जय भीम" मात्र इथल्या वस्त्यांत घरोघरी आहे. आणि तोच टाकलेला "जोहार" आज अनेक आदिवासी ताठ मानेने म्हणतात. अक्षरं तीच. कोण कुणासमोर वाकतंय, एवढंच बदललं.

माझा एक मित्र घरी आला की बाबांना "जय भीम, काका" म्हणतो. बाबा म्हणतात, "राम राम, ये बस." दोघांनाही काही वाटत नाही, कारण दोघंही आपापलं उघडपणे बोलतात. माझा "नमस्कार" तसा नव्हता. ती लपायची जागा होती.

पण मग मी "जय सेवा" म्हणायला हवं होतं का? ज्या लढ्यात माझा काडीचा वाटा नाही, त्याचा शब्द फुकट वापरायचा? बरेच दिवस मला हा मुद्दा बिनतोड वाटायचा. आता तितका नाही. शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. त्यात काही घातलं म्हणून आपण तिच्या घरचे होत नाही. दरडावून म्हणायला लावलं तर गोष्ट वेगळी. तिथे नाही म्हणायचा हक्क मी सोडणार नाही, मग घोषणा कुणाचीही असो. त्या आजोबांनी तर फक्त वाट दिली होती.

उतरताना एका पोराने पाण्याचा ग्लास पुढे केला. "जय सेवा, दादा."

"जय सेवा," मी म्हणालो. आवाज जरा बारीकच निघाला.