बाटलीत सलाईन कुणी ओतलं?

ये आत. बसायचं नाही, उभाच राहा. ही बाटली ओळखतोस? इंजेक्शनची रिकामी बाटली, रबरी बूच, वर चिकटपट्टी आणि पट्टीवर तुझ्या हस्ताक्षरात पेशंटचं नाव. गुदाशयातल्या गाठीचे चार कण आत तरंगतायत. बूच काढून वास घे. घे म्हणते ना! नाकाला झोंबला काही? नाही झोंबणार, कारण आत फॉर्मालीन नाहीच, सलाईन आहे. काल दुपारी घेतलेली बायोप्सी एप्रिलच्या सोलापुरात रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलीस. पंख्याखाली झोपलेला माणूस उकडून निघतो, त्या पेशींचं काय झालं असेल? सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस ना तू?

आता हा फॉर्म बघ. ‘वय ३४, पुरुष, ? सीए रेक्टम.’ संपलं. कुटुंबात कुणाला कॅन्सर, हा रकाना कोरा. अरे, चौतिसाव्या वर्षी माणसाला गुदाशयाचा कॅन्सर होतो आणि तुला एकही प्रश्न पडत नाही? मी वर वॉर्डात जाऊन आले. चहा निवायच्या आत सगळं कळलं. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर काम करतो. आठ महिने रक्त जात होतं, सगळ्यांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं. एकानेही हातमोजा चढवून बोटाने तपासलं नाही. आई पन्नाशीच्या आत गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. मामाचं आतड्याचं ऑपरेशन झालं, पोटाला पिशवी होती. हे विचारायला कुठलं मशीन लागतं रे?

अल्ड्रेड वॉर्थिन हे नाव ऐकलंयस? नसशीलच. मिशिगनचा, आमच्यातलाच, पॅथॉलॉजिस्ट. १८९५ मध्ये त्याच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने. वॉर्थिनने तिचं बोलणं उडवून लावलं नाही, कुळाचा तक्ता मांडला आणि १९१३ मध्ये छापला. पुढे हेन्री लिंचने तो धागा उचलला, म्हणून घराण्यातून येणाऱ्या अशा कॅन्सरांना आज आपण लिंच सिंड्रोम म्हणतो. तुझ्या फॉर्मवरचा कोरा रकाना तोच आहे.

पण तू गप्पही बसला नाहीस, हे जास्त वाईट. पेशंटच्या बायकोचा भाऊ मला जिन्यात गाठून म्हणाला, “मॅडम, छोट्या डॉक्टरांनी सांगितलं न्यूयॉर्कचं इंजेक्शन आहे, ऑपरेशन लागत नाही, शंभर टक्के बरं होतं. तीन तोळे आहेत घरात, मोडू का?” कुणी सांगितलं होतं तुला हे बोलायला? व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धी बातमी वाचायची आणि लोकांचं सोनं बाहेर काढायचं?

उरलेली अर्धी आता ऐक. ती बातमी खोटी नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधून अँड्रिया सर्सेक आणि लुईस डियाझ यांनी निकाल दिला: दर तीन आठवड्यांनी डोस्टारलिमॅब, सहा महिने, आणि बाराच्या बारा पेशंटांत गाठ दिसेनाशी. २०२५ मध्ये हा आकडा ४९ पैकी ४९ झाला. ना किरण, ना चाकू. पण गाठी कोणत्या? ज्यांच्यात एमएमआर प्रथिनं कामातून गेलीत, त्याच. पेशी दुभागताना डीएनएची नक्कल उतरते, तीत चुका होतात. मागावर तुटलेला धागा हेरून गाठ मारणारा कामगार असतो ना, तसं एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या चौघांचं काम. ते नसले की चुका साठतात, पेशी भलतीच प्रथिनं बनवते आणि शरीराच्या सैनिक पेशींना ती परकी वाटायला लागते. तरी हल्ला होत नाही, कारण गाठीने पीडी-१ चा ब्रेक दाबून धरलेला असतो. इंजेक्शन तो ब्रेक सोडवतं. अशा ब्रेकांवरच्या शोधांबद्दल होंजो आणि अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं, एवढं तरी ठाऊक असेल.

गुदाशयाच्या शंभर कॅन्सरांत अशा गाठी पाच ते दहा. बाकीच्यांत एकटं हे औषध सहसा काही करत नाही. त्यांना किरण, केमो आणि नीट केलेलं ऑपरेशन, हाच रस्ता. अशा माणसाने तुझ्यावर भरवसा ठेवून सोनं मोडलं आणि सहा महिने घालवले, तर गाठ तोवर थांबेल? आणि साईड इफेक्ट नाहीत म्हणालास म्हणे! थायरॉइड बसतो, आतडं सुजतं, कधी फुफ्फुसं, कधी अ‍ॅड्रिनल. पुस्तक उघड.

म्हणून मला तो तुकडा धड हवा होता. चार प्रथिनांसाठी चार रंग चढवून मी बघणार. शेजारच्या निरोगी पेशींत रंग चढला आणि गाठीत नाही, तर प्रथिन खरंच गेलं. सलाईनमध्ये सडलेल्या तुकड्यात निरोगी पेशींतही रंग चढला नाही, तर मी काय लिहू? नशीब?

तुझा सीनियर काल मला शहाणपण शिकवत होता: “मॅडम, औषध परवडणारच नाही तर टेस्ट कशाला?” त्यालाही सांग. एमएमआर गेलेला कॅन्सर उजव्या कोलनमध्ये, उतारवयात असला तर बऱ्याचदा आनुवंशिक नसतो. गुदाशयात, आणि तोही चौतिशीत, असला तर बहुधा घराण्यातून आलेला, म्हणजे लिंच. म्हणजे या चार रंगांचं उत्तर त्याच्या एकट्याचं नाही. प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तोच बिघडलेला जीन मिळाल्याची निम्मी शक्यता. ज्यांना तो मिळाला त्यांची विशी-पंचविशीपासून वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी केली, तर कॅन्सर होण्याआधीच गाठी काढता येतात. औषध परवडो न परवडो, हे कळायला हवंच.

आणि तू लिहिलेली ती पुण्याच्या लॅबची पाचशे जीन्सची चिठ्ठी फाडून टाक. आधी हे चार रंग. त्यात एखादं प्रथिन गेलं, की समुपदेशन करून रक्ताची तपासणी, तीही नेमक्या जीनची. गाठीची तपासणी वेगळी आणि जन्मतः मिळालेल्या जीनची वेगळी, हे तुलाच उमगलं नाही तर तू त्याच्या घरच्यांना काय समजावणार? टाटा हॉस्पिटलच्या कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिकला पत्र मी देते.

“हे सगळं अमेरिकेत, मॅडम,” असं पुटपुटलास ना? आपल्याच जिल्ह्यातली बार्शी नकाशावर दाखव मला. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, भूम, परांड्याची खेडी पालथी घालून कॅन्सरची नोंद ठेवली, देशातली पहिली ग्रामीण नोंदवही. याच लोकांनी टाटासोबत शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर चाचणी केली. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाने वाचलं. दारोदार जाऊन विचारणाऱ्या माणसांनी ते केलं. तुला वीस पायऱ्या चढून एक रकाना भरवत नाही. टाटाने तर याच जातीच्या निवोलुमॅबचा जेमतेम वीस मिलिग्रॅमचा डोसही तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपयोगी पडतो हे दाखवलं. पण तो आकडा उचलून गुदाशयाला चिकटवू नकोस, तेवढी तुझी सवय मला माहीत आहे.

सोमवारी त्याचे किरण सुरू होणार आहेत, म्हणजे बायोप्सी आजच पुन्हा व्हायला हवी. किरणांनंतर एमएसएच६ चा रंग फिका पडून फसवतो, आणि गाठ विरली तर बघायला काही उरत नाही. सहा-आठ तुकडे घे, मधल्या सडक्या भागातून नको, कडेने. दहा टक्के फॉर्मालीन, तुकड्यांच्या दहापट. वेळ लिही. पुन्हा दुर्बीण का, हे पेशंटला तू स्वतः सांगायचंस. सिस्टरवर ढकलायचं नाही.

त्या मेहुण्याला सांग, सोनं कपाटातच राहू द्या. रिपोर्ट आला की ऑन्कॉलॉजिस्ट आणि समाजसेवा अधीक्षक दोघांसोबत बसवू, योजनेत काय बसतं ते तेव्हा बघू. पेशंटचा भाऊ भिवंडीला मागावर असतो, त्याचा नंबर घे. बहीण विड्या वळते, वय ३१, संध्याकाळी डबा घेऊन येते. तिच्याशी बोलताना “घाबरू नका” असं म्हणून सुरुवात करू नकोस. बाकावर तिच्या शेजारी बस आणि सरळ विचार, शौचातून रक्त जातं का.