साठवणीचा मालक कोण?

भिंतीवर पावसाळ्यात चढणाऱ्या हिरव्या थराला आपण सरसकट शेवाळ म्हणतो आणि खरवडून टाकतो. त्यातील मॉस ही वनस्पती वास्तविक शेवाळाहून निराळी. मॉसपैकीच स्फॅग्नम हा गट थंड प्रदेशांतील दलदलीवर पसरतो, आणि त्याने आयर्लंडच्या खेडुतांपुढे एक कठीण नैतिक प्रश्न उभा केला आहे.

स्फॅग्नमला मुळे नसतात. शेंडा वाढत राहतो, खालचा भाग मरत जातो. पानांतील पुष्कळशा पेशी मृत व पोकळ असतात. पाणी साठते ते त्यांतच. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी ही वनस्पती धरू शकते. (पहिल्या महायुद्धात कापूस अपुरा पडला तेव्हा जखमांवर तीच बांधली गेली, आपल्याकडचे ऑर्किडचे हौशीही ती विकत आणतात.) सभोवतालचे पाणी ती आम्ल करते. त्या आम्ल, प्राणवायूहीन पाण्यात मेलेले सहसा कुजत नाही. थरावर थर बसून त्याचे पीट होते. गती वर्षाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे पुरुषभर थराला दीड हजारांहून अधिक वर्षे! २००६ साली टिपरेरी परगण्यातील अशा दलदलीत यंत्राने खोदताना लॅटिन स्तोत्रसंहितेचे हस्तलिखित चामडी वेष्टनासह सापडले. ते इ. स. ८०० च्या सुमाराचे आहे.

हे पीट विटांसारखे कापून, वाळवून आयरिश कुटुंबांनी शतकानुशतके जाळले. जेथे लाकूड दुर्मीळ, तेथे गरिबाची ऊब तीच. पुढे १९४६ साली स्थापन झालेल्या ‘बोर्ड ना मोना’ या सरकारी कंपनीने यंत्रे लावून ते वीजकेंद्रांसाठी उपसले. हे उत्खनन कायमचे थांबविल्याची घोषणा २०२१ साली झाली. जगाच्या भूभागापैकी पीटभूमी केवळ ३ टक्के, परंतु जगातील साऱ्या अरण्यांच्या झाडांत नाही इतका कार्बन तिच्यात आहे. पीट जळले की तो हवेत जातो.

‘आजोबांनी कापले, वडिलांनी कापले, मग आम्हीच का नाही?’ हा खेडुतांचा सवाल उडवून लावण्याजोगा नाही. परंतु वडिलोपार्जित म्हणजे काय? शेत कसण्यात, विहीर खणण्यात पूर्वजांचा घाम असतो. पीट कोणाच्याच पूर्वजाने साठविलेले नाही; त्यांनी फक्त कापण्याचा हक्क मागे ठेवला. आणि जे अद्याप जन्मलेले नाहीत, ते हक्क मागायला येऊ शकत नाहीत.

२०२२ च्या नियमांनी दुकानांतील विक्रीला बंदी केली, मात्र परंपरागत हक्क असलेल्यांना घरापुरते कापण्याची मुभा ठेवली. मला ही रेषा न्याय्य वाटते. थंडीने कुडकुडणाऱ्या वृद्धेची शेगडी आणि वीजकेंद्राची भट्टी एका तराजूत घालता येत नाहीत. गॅसच्या शेगडीपाशी बसून तिला उपदेश करणे तर आपल्याला शोभणारच नाही. तरीही तिच्या शेगडीतला कार्बन हवेत वेगळा मोजला जात नाही, ही अडचण उरतेच.

आता काही ठिकाणी जुने चर बुजवून पाणी पुन्हा अडविले जात आहे. पाणी टिकले की स्फॅग्नम परतू लागते. वीतभर पीट साचायला मात्र दोन शतके लागतील.