प्लेगाचा उंदीर आणि पापाचा हिशेब

१९१७ साली होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदूरच्या नगररचनेचा विचार करण्यास आलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी, प्लेगाच्या धास्तीने ग्रासलेल्या रयतेची घरे नुसत्या हुकमांनी व जाहीरनाम्यांनी झाडली जाणार नाहीत हे ओळखून, दिवाळीच्या मिरवणुकीचा आश्रय घेतला. ज्या रस्त्यांवरची घरे अधिक स्वच्छ त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल असे जाहीर झाले, आणि अस्वच्छतेचा राक्षस व प्लेगाचा भलामोठा उंदीर यांचे पुतळे अखेरीस अग्नीच्या स्वाधीन झाले.

पण दोषी तो उंदीर होता काय? माणसाआधी मरतो तोच. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालीत. उंदराला चावणाऱ्या पिसवेच्या जठरात प्लेगाचा जंतू तग धरतो तो फॉस्फोलिपेज-डी नावाच्या विकराच्या बळावर, हे २००२ साली सिद्ध झाले. पेशींची आवरणे ज्या फॉस्फोलिपिडांची असतात त्यांचा एक विशिष्ट रासायनिक बंध तोडणे एवढेच त्या विकराचे कार्य. ते नसेल तर पिसवेने प्यालेले रक्त पचता पचता बहुतेक जंतू काही तासांतच मरतात. फॉस्फोलिपिडे तोडणारे विकर आपल्या स्वादुपिंडातूनही पाझरते, आणि आपल्या अन्नातील स्निग्धांशाच्या पचनास हातभार लावते. ज्या रेणूला संकल्पच नाही, त्याच्या ठायी पाप कोठून शोधावे?

मग दोष सृष्टिकर्त्याचा काय? ईश्वर प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवूनच सृष्टी करतो, म्हणून त्याच्यावर पक्षपाताचा वा निर्दयतेचा दोष येत नाही, असे ब्रह्मसूत्रांचे उत्तर आहे. सूत्रकार बादरायणांच्या बुद्धिवैभवापुढे मी नम्र आहे. तथापि या उत्तराने ईश्वराच्या खात्यावरची बाकी फिटते ती रोग्याच्या नावे मांडली जाऊन, आणि काखेत गाठ आलेल्या अर्भकाकडे पाहून ही नोंद कायम करण्यास माझे मन मुळीच धजत नाही.

मला त्या मिरवणुकीतील दहनापेक्षा तीत मानाने चालणारे, नवी शुभ्र वस्त्रे ल्यालेले झाडूवाले अधिक धर्ममय वाटतात. इतरांची घाण आणि मेलेले उंदीर उचलणे ज्यांच्या वाट्याला येई, ते पिसवेच्या सर्वांत निकट असत. आणि संचिताच्या त्याच हिशेबाने त्यांचा जन्मही पापाचे फळ ठरे व त्यांचा प्लेगही.